पीएचडीचा चान्स विचारता? आधी जागा तरी सांगा!

राज्यशास्त्राच्या पीएचडीला माझा नंबर लागेल की नाही, हे एकदा कुणीतरी छातीठोकपणे सांगाच मला! घरचे विचारतात, डिचोलीच्या बसस्टँडवर भेटलेल्या कॉलेजच्या मॅडम विचारतात, "काय गो, किती चान्स?" अहो, चान्स काढायला आकडे लागतात. ते देतो कोण?

नेटचं, म्हणजे त्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेचं, एक वेळ समजू शकते. 300 गुणांचा पेपर, अभ्यास केला की पर्सेंटाइल, म्हणजे शंभरातले किती जण आपल्या मागे तो आकडा, हातात पडतो. जून 2024 ला परीक्षा झाली आणि दुसऱ्याच दिवशी रद्द केली, तेही सोसलं, पुन्हा बसलो. त्याच वर्षापासून नेटच्या गुणांवर पीएचडीला प्रवेश. जेआरएफ (संशोधनाची शिष्यवृत्ती) नसलेल्यांना नेटचे 70 टक्के, मुलाखतीचे 30. आता हिशेब घाला. एकाला 97 पर्सेंटाइल, दुसऱ्याला 92. सत्तरापैकी झाले 67.9 आणि 64.4. फरक साडेतीन गुणांचा! आणि मुलाखतीत कुणाला 12 द्यायचे, कुणाला 25, ते बंद खोलीत दहा मिनिटांत ठरतं. वर्षभर रात्री जागून मिळवलेली आघाडी तिथे एका फटक्यात साफ.

मी दिलीय ती मुलाखत. माझा विषय कोमुनिदादीच्या, म्हणजे गावकीच्या सामाईक, जमिनी आणि ग्रामसभेचं राजकारण. गोव्यात बसून हा विषय नाही घ्यायचा तर कुठला घ्यायचा? पहिलाच प्रश्न, "यात राष्ट्रीय पातळीवरचं काय?" मी उत्तर देतेय आणि समोरचे सर पुढच्या उमेदवाराची फाईल चाळताहेत. निकालात फक्त निवडलेल्यांची नावं. मला किती गुण पडले, यादीतल्या शेवटच्याला किती होते, एक अक्षर नाही.

जागांचं तर बोलायलाच नको. जाहिरातीत काय, तर "मार्गदर्शकांच्या उपलब्धतेनुसार". यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) 2022 चे नियम उघडून बघा. प्रोफेसरकडे 8, असोसिएटकडे 6, असिस्टंटकडे 4 विद्यार्थी. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी राहिली की नवीन विद्यार्थी घ्यायचा नाही. म्हणजे कोणाकडे किती जागा रिकाम्या, हे अर्ज मागवायच्या आधीच विभागाला ठाऊक असतं! जागा आगाऊ जाहीर करा असंही त्याच नियमांत लिहिलंय. मग लपवता कशाला? गाईडकडे जागाच नसेल तर आमच्याकडून फी का उकळता?

वर शहाणपण शिकवतात, "आधी सरांना भेटून ये, त्यांच्या आवडीचा विषय घे." ज्याची ओळखपाळख नाही, सत्तरी तालुक्यातल्या गावातून बस बदलत जो येतो, त्यानं कुणाला भेटायचं?

आणि नेटचे हे गुण पीएचडीला चालतात एकच वर्ष. यंदा हुकलं की परत नेट, परत फॉर्म, परत फी.

प्रत्येक गाईडच्या नावापुढे रिकाम्या जागा छापा. मुलाखतीचे गुण सगळ्यांचे लावा, न निवडलेल्यांचेही. मी माहिती हक्काखाली अर्ज टाकलाय. माझे गुण मला कळलेच पाहिजेत.