बाईंच्या नावाचा पुरस्कार राहू दे, गुरुवार कोण घेतंय ते सांगा

आमच्या गाण्याच्या बाई गेल्या त्याला तीन आठवडे झाले. ९२ वर्षांच्या होत्या. रात्री झोपल्या त्या सकाळी उठल्या नाहीत, कुणाला त्रास नाही की हाक नाही. परवा शोकसभा झाली. ‘निःस्वार्थ’ हा शब्द मी १६ वेळा मोजला. मोजायची सवय बाईंनीच लावलेली. मात्रा चुकली की त्या पेटीचा भाता बंद करून नुसत्या बघत बसायच्या. सभेतही तशाच बघत बसल्या असत्या.

कारण बाई निःस्वार्थ वगैरे नव्हत्या हो. फी एक तारखेला. पाचपर्यंत आली नाही तर सहाला वहीतलं नाव सगळ्या वर्गासमोर मोठ्याने वाचलं जायचं. माझे वडील एकदा म्हणाले, “विद्येचे कसले पैसे?” बाईंनी विचारलं, “तुमच्या दुकानात साखर फुकट मिळते का?” संध्याकाळी पैसे पोचले. भाड्याच्या दोन खोल्या, एक पेटी, दोन तंबोरे, आणि मागे कमावणारं कुणी नाही. त्या खोल्यांचं भाडं पन्नासहून जास्त वर्षं आमच्या बेसूर पलट्यांनीच भरलं. बुवांनी घेतली तर बिदागी आणि बाईंनी मागितली तर हिशेबीपणा, हे मला कधीच पटलेलं नाही.

फुकट काम त्या करायच्या, पण ते वेगळं खातं होतं.

आमचं मिरज म्हटलं की बाहेरच्यांना दोन गोष्टी आठवतात, दवाखाने आणि तंबोरे. बाईंच्या मते ती एकच गोष्ट. थोर गायक विष्णु दिगंबर पलुस्करांचे डोळे लहानपणी फटाक्याने अधू झाले, म्हणून त्यांना उपचारासाठी मिरजेला आणलं. डोळे काही पूर्ववत झाले नाहीत, पण इथे गायक बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांची तालीम मिळाली, आणि याच मुलाने पुढे १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. आम्ही गाण्याच्या ज्या परीक्षांना घाम गाळत बसायचो त्यांचं मूळ तिथलं. नामवंत गायक अब्दुल करीम खाँसाहेब इथेच राहिले, इथल्या दर्ग्यातच विसावले. सतारमेकर गल्लीत तंबोऱ्यांना जवारी लागते, म्हणजे तारांना गुंज येते, आणि तिथून चार पावलांवर दवाखान्यांच्या पाट्या सुरू होतात. “या गावात माणूस दुखणं घेऊन येतो नि गाणं घेऊन जातो,” बाई म्हणायच्या, “आपण दोन्हीकडे हजेरी लावायची.”

ती हजेरी म्हणजे गुरुवार, सकाळी नऊ ते बारा, सरकारी दवाखान्यातली केसपेपरची रांग. कर्नाटकातल्या अथणी, रायबाग, चिकोडीकडची माणसं मुक्कामाच्या पिशव्या घेऊन आलेली असतात. मराठी जेमतेम, पाट्या वाचता येत नाहीत. बाईंना कन्नड चांगलं यायचं. “एल्ली नोवु?”, कुठे दुखतंय, एवढं विचारलं की म्हातारी माणसं जी बोलायला लागायची! मग बाई कागद भरायच्या, एक्सरेची खोली दाखवायच्या, गोळ्यांच्या पाकिटांवर सूर्य आणि चंद्र काढून द्यायच्या. सूर्य म्हणजे सकाळी, चंद्र म्हणजे रात्री. चित्रकला भयंकर होती, सूर्य आणि चंद्र कधीकधी सारखेच दिसायचे, मग त्या चंद्राला काळं करायच्या.

मी तिथे कशी पोचले ते सांगते. गाण्याची प्रवेशिका परीक्षा पूर्ण झाले आणि पुढच्या मध्यमा परीक्षेचा फॉर्म भरायला गेले, तर बाई म्हणाल्या, “तुझा कान सच्चा आहे गं. गळा नाही. वडिलांचे पैसे वाया घालवू नकोस. गुरुवारी माझ्याबरोबर चल.” घरी येऊन मी उशीत तोंड खुपसून रडले. महिन्याची फी देणारी मुलगी बाईंनी स्वतःहून सोडली, हे कळायला मला बरीच वर्षं लागली. हिशेबी म्हणणाऱ्यांनी हेही वहीत लिहावं.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीला आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली. इकडे मिरजेतही शाळाशाळांतून माणसं उतरवलेली. बाई तेव्हा ऐंशीच्या पुढे. एका पुढाऱ्याचा माणूस आला, म्हणाला, पूरग्रस्तांसाठी भजनाचा कार्यक्रम करू, फोटोवाला आणतो. बाई म्हणाल्या, “आधी कोरडी लुगडी आणा. ओल्या अंगाला भजन लागत नाही.” आणि कुणाच्या बीपीच्या, कुणाच्या साखरेच्या गोळ्या पुरात गेल्या त्याची यादी करायला बसल्या. ती यादी मी लिहिली. पेन्सिलीने, कारण पेन ओल्या कागदावर पसरत होतं.

आता सभेनंतर ग्रुपवर ठरतंय, बाईंच्या नावाने पुरस्कार. शाल, श्रीफळ, रोख रक्कम किती, पाहुणा कोण. दीडशे मेसेज झाले. मी एकच विचारलं, गुरुवारी नऊ ते बारा कोण जाणार? दोघांनी हात जोडल्याचं चित्र टाकलं. एकाने लिहिलं, “खूप छान विचार ताई.” मग पाहुणा कोण यावर चर्चा परत सुरू.

मला तरी तोंड कुठे आहे म्हणा. नोकरी लागल्यापासून गुरुवार माझाही सुटलाच होता, बाईंनी एकदाही विचारलं नाही. गेल्या गुरुवारी रजा टाकून गेले. रांग तशीच, पिशव्या तशाच. अथणीकडचे एक आजोबा, काठीवर हनुवटी टेकून बसलेले. हातात जुनं पाकीट, त्यावर काळा केलेला चंद्र. माझ्याकडे बघून म्हणाले, “अज्जी एल्ली?”

मला समजलं. सांगण्याइतकं कन्नड मात्र आलं नाही.