रेट्रो म्हणजे कचरा, आणि तोही म्हणे लीनच्या हिशेबाने

सध्या एक मजकूर सॉफ्टवेअर टीमच्या ग्रुपांवर फिरतोय. त्याचं सार असं: वाया जाणारं काढून टाका, हा लीनचा, म्हणजे टोयोटाच्या कारखान्यांतून आलेल्या कार्यपद्धतीचा, पहिला धडा. रेट्रोस्पेक्टिव्हमधून (रेट्रो, म्हणजे झालेल्या कामाकडे टीमने मागे वळून बघायची ठरावीक बैठक) ग्राहकाच्या हातात काहीच पडत नाही. आठ माणसं दीड तास बसली की बारा तास गेले. टोयोटात कोणी चर्चेसाठी पंधरा दिवस थांबत नाही, अडचण आली की तिथल्या तिथे सोडवतात. दर वेळी तेच मुद्दे निघतात. आणि मुरलेल्या टीमला हे सोपस्कार लागतच नाहीत. सबब, रेट्रो बंद करा.

यातल्या ‘तेच मुद्दे’वर मीही मान डोलावली. बाकीचं मात्र अर्ध्या हळकुंडाने पिवळं झालेलं आहे.

‘ग्राहकाला काही मिळत नाही, म्हणजे कचरा.’ हा नियम सरळ लावला तर कोड रिव्ह्यू (एकाचा कोड दुसऱ्याने तपासणं), टेस्ट, बॅकअप सगळंच टाकावं लागेल. ग्राहक त्यांचे वेगळे पैसे मोजत नाही. लीनमध्ये वाया जाण्याला ‘मुदा’ म्हणतात आणि त्याचे दोन प्रकार करतात. एक, ज्यातून ग्राहकाला थेट काही मिळत नाही, पण ज्याच्याशिवाय आज काम चालत नाही. दुसरा, निव्वळ फुकट जाणारं. आधी हात घालायचा तो दुसऱ्याला.

शिवाय मुदा एकटा नाही. ‘मुरा’ म्हणजे कामाचा उंचसखल ओघ आणि ‘मुरी’ म्हणजे झेपेल त्याहून जास्त भार. स्प्रिंटच्या (दोन आठवड्यांच्या कामाच्या फेरीच्या) पहिल्या आठवड्यात टेस्टर रिकामा आणि शेवटचे दोन दिवस रात्री जागतोय, तिथे मुरातूनच मुरी आलेली असते. मेरी आणि टॉम पॉपेन्डिक यांनी २००३ मध्ये सॉफ्टवेअरसाठी लीनची सात तत्त्वं मांडली. त्यात पहिलं ‘वाया जाणारं काढा’ आणि लगेच दुसरं ‘शिकणं वाढवा’. मजकूर लिहिणाऱ्याने पहिल्यावरच पान मिटलेलं दिसतं.

‘बारा तास गेले.’ आठ जण, दहा दिवस, रोज आठ तास: ६४० तास. त्यातले १२ म्हणजे दोन टक्क्यांहून कमी. बाकीच्या ६२८ तासांत त्यामुळे काही बदलत नसेल तर हे बाराही जास्तच, ते मान्य.

‘टोयोटात तिथल्या तिथे सोडवतात.’ सगळ्यात जास्त लाइक याच वाक्याला असावेत, कारण ते अर्धं खरं आहे. कारखान्यात कामगार अँडनची, म्हणजे इशाऱ्याची, दोरी ओढतो, टीम लीडर धावत येतो, ठरलेल्या वेळात अडचण सुटली नाही तर लाइन थांबते. या विचाराचं मूळ मोटारींच्याही आधीचं. धागा तुटला की आपोआप थांबणारे माग टोयोटा समूहाचे संस्थापक साकिची टोयोडा यांनी बनवले होते.

पण तुटलेला धागा डोळ्यांना दिसतो. आमच्या टीममध्ये मागे एक स्टोरी (बोर्डवर एका कार्डाने दाखवलेलं काम) नऊ दिवस रेंगाळली. रोजच्या छोट्या बैठकीत, स्टँडअपला, उत्तर एकच, ‘चालू आहे’. कोणाचंच काही चुकत नव्हतं, मग दोरी ओढणार कोण? रेट्रोत आम्ही त्या कार्डाच्या तारखा फळ्यावर ओळीने लिहिल्या. कोड लिहायला दोन दिवस. रिव्ह्यूची वाट बघण्यात तीन. टेस्टिंगच्या रांगेत साडेतीन. प्रत्यक्ष टेस्टिंग अर्धा दिवस. म्हणजे काम अडीच दिवसांचं आणि साडेसहा दिवस नुसती रांग. फळ्यासमोर मिनिटभर कोणी बोललं नाही. तोवर आमच्यातले निम्मे लोक ‘एस्टिमेट चुकलं’ असंच धरून चालले होते.

अशी रांग एका जागेवर उभं राहून दिसत नाही. दोन टप्प्यांच्या मधली जागा कोणाचीच नसते. ती बघायला सगळ्यांनी एकदम थांबावं लागतं. टोयोटाही थांबते. तिथे त्याला ‘हानसेई’ म्हणतात: काम संपलं की मागे वळून बघायचं, काय कमी पडलं ते स्वतःहून मांडायचं. काम यशस्वी झालं तरीही. मुरलेल्या टीमला गरज नाही, या मुद्द्याचं उत्तर इथेच मिळतं.

(रेट्रो हे स्क्रमवाल्यांचं, म्हणजे स्प्रिंटच्या पद्धतीने काम करणाऱ्यांचं, खूळ, लीनशी त्याचा संबंध नाही, असंही कोणी खाली जोडलंय. २०२० च्या स्क्रम गाइडमध्ये, म्हणजे स्क्रमच्या मूळ नियमपुस्तिकेत, स्क्रमचा पाया म्हणून लीन विचाराचं नाव घेतलेलं आहे. २००१ च्या अ‍ॅजाइल जाहीरनाम्याचं, म्हणजे सॉफ्टवेअर लवचिकपणे बनवण्याच्या तत्त्वांच्या यादीचं, बारावं तत्त्वही हेच सांगतं: टीमने ठरावीक काळाने थांबून स्वतःकडे बघावं आणि वागणं बदलावं.)

‘दर वेळी तेच मुद्दे.’ हे खरं. पण यासाठी रेट्रोच बंद करणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. आमच्या एका रेट्रोतून अकरा अ‍ॅक्शन आयटम, म्हणजे करायच्या सुधारणा, निघाले होते. त्यातले सात ‘संवाद वाढवावा’ छापाचे, म्हणजे कोणी केले तरी कळणार नाही असे. पुढच्या वेळी एकही झालेला नव्हता. पुन्हा ये रे माझ्या मागल्या. गंमत म्हणजे हीच टीम बोर्डवर ‘एका वेळी एकाच्या हातात दोनच कार्डं’ हा नियम काटेकोर पाळत होती. सुधारणांना मात्र मर्यादा नाही! अर्धवट सुधारणा हाही लीनच्या भाषेत साठाच, म्हणजे वाया जाणारं. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला नियम इथेही लागू पडतो: काम संपण्याचा वेग तोच असेल, तर हातात जितकं जास्त तितकं प्रत्येकाला थांबावं लागतं.

२०१७ च्या स्क्रम गाइडने निदान एक सुधारणा पुढच्या स्प्रिंट बॅकलॉगमध्ये (त्या स्प्रिंटच्या कामांच्या यादीत) घ्यायलाच लावली होती. २०२० मध्ये ही सक्ती गेली. माझ्या मते राहायला हवी होती.

आम्ही अकरापैकी दहा पुसले आणि फळ्यावरच्या त्या साडेतीन दिवसांना हात घातला. टेस्टिंगच्या रांगेत तीनपेक्षा जास्त कार्डं नकोत. रांग भरली असेल तर डेव्हलपरने नवं काम न उचलता टेस्टिंगला बसायचं. दोन स्प्रिंट करून बघू, रांगेतले दिवस मोजू, पटलं नाही तर सोडून देऊ. पहिल्या आठवड्यात कुरकुर झाली, एकाने तर ‘मी टेस्टर म्हणून लागलो नाही’ असं सुनावलं. दुसऱ्या स्प्रिंटअखेर तिथलं थांबणं दीड दिवसावर आलं. सुनावणाऱ्यानेच टेस्ट डेटा भरायची स्क्रिप्ट लिहून दिली, कारण तो हाताने भरून कंटाळला होता. रिव्ह्यूची रांग मात्र अजून तीन दिवसांचीच आहे. पुढच्या रेट्रोला फळ्यावर तेवढीच मांडायची ठरलंय.