पोळी-भाजी केंद्र काढू इच्छिणाऱ्यांस

कचेरीत साहेबांनी चारचौघांत पाणउतारा केला की त्या संध्याकाळी घरी परतताना आपण स्वतःचे पोळी-भाजी केंद्र काढावे, असा विचार ज्याच्या मनात आला नाही असा मध्यमवयीन पुणेकर माझ्या पाहण्यात नाही. आपल्याही मनात तो आला असेल, तर असे केंद्र सतरा महिने चालवून पाहिलेल्या माणसाचा सल्ला आपण अवश्य घ्यावा.

आरंभ हिशेबाने करावा आणि तो लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर करावा, कारण ती जागा लहान असते आणि तिच्यावर गैरसोयीच्या बाबी मावत नाहीत. माझा हिशेब असा होता : किलोभर पिठाच्या तीस पोळ्या होतात, पीठ ४५ रुपये किलो, म्हणजे पोळीला दीड रुपया. विक्री दहा रुपयांना. पोळीमागे साडेआठ रुपये नफा, दिवसाला अडीचशे पोळ्या धरल्या तर महिन्याला ६३,७५० रुपये, आणि भाजीचा नफा वेगळाच. हा आकडा दिसताच पत्रिका घडी घालून पाकिटात ठेवावी व पुन्हा उघडू नये. गाळ्याचे भाडे, लाटणाऱ्या मावशींची पोळीमागची मजुरी, तेल, गॅस, वीज, पिशव्या आणि पावसाळी संध्याकाळी उरलेल्या चाळीस पोळ्या यांचा विचार करणारा माणूस नोकरीतच म्हातारा होतो. उरलेल्या पोळ्या वाया जात नाहीत, हेही लक्षात असू द्यावे. आमच्या घरी सतरा महिने सकाळी फोडणीची पोळीच होती, आणि आजही कोणाकडे तिचा खमंग वास आला तर माझा मुलगा चप्पल घालून बाहेर जाऊन उभा राहतो.

यानंतर कागदपत्रे. छोट्या उद्योगांची ‘उद्यम’ नोंदणी १ जुलै २०२० पासून सुरू असून ती सरकारी संकेतस्थळावर फुकट होते. म्हणूनच ती एजंटाकडून दीड हजार रुपये देऊन करून घ्यावी. फुकट मिळालेल्या प्रमाणपत्राला भिंतीवर शोभा येत नाही. मोजकेच कामगार असलेल्या दुकानाने महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्यानुसार केवळ ऑनलाइन सूचना द्यायची असते, परंतु त्याच एजंटाने ‘शॉप ॲक्ट लायसन’ म्हणून तिचे वेगळे पैसे मागितल्यास घासाघीस करून त्यांचे मन दुखवू नये. मुद्रा योजनेत ‘शिशू’ गटाला ५०,००० रुपयांपर्यंत कर्ज मिळते. ते अर्थातच कणीक मळण्याच्या यंत्रासाठी घ्यावे आणि उद्घाटनावर खर्च करावे.

उद्घाटनात हात आखडता घेऊ नये. सत्यनारायण, नगरसेवकांच्या हस्ते फीत, त्यांचा चेहरा आपल्या पोळीपेक्षा मोठा दिसेल असा फ्लेक्स, आणि आलेल्या दीडशे माणसांना भरपेट जेवण, एवढे तरी हवेच. (१९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन इमारतीच्या गच्चीवर पापड लाटायला घेतले आणि त्यातून लिज्जत उभे राहिले, हा दाखला कोणी देऊ लागल्यास विषय बदलावा. ज्यांच्या आरंभाला फ्लेक्सच नव्हता, त्यांचे उदाहरण आपल्या काय कामाचे?) त्या दिवशी फुकट जेवून ‘चव अगदी घरची आहे हो’ असे म्हणालेल्या दीडशे जणांपैकी नऊ जण पुढे विकत घ्यायला आले, आणि त्यांतल्या सहा जणांनी ओळखीचा दर विचारला.

ओळखीच्या माणसाकडे रोख मागणे असभ्यपणाचे आहे. त्यासाठी शंभर पानी वही आणावी. काउंटरवर क्यूआर कोड असला तरी त्याकडे बोट दाखवू नये. मामेसासरे खिसे चाचपत ‘फोन घरी राहिला’ म्हणाले की आपणच पिशवीत लोणच्याची पुडी जास्तीची घालावी. याहून मोठी प्रतिष्ठा हवी असेल, तर एखाद्या कार्यालयाचे रोजचे चाळीस डबे महिनाअखेरच्या बिलावर धरावेत. मी ते धरले होते. बिल थकल्यास कायदा पूर्णपणे आपल्या बाजूने आहे : सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात, आणि न दिल्यास रिझर्व्ह बँकेने ठरवलेल्या बँक दराच्या तिप्पट दराने, तेही दरमहा चक्रवाढ, व्याज लागते. हा २००६ चा कायदा मी स्वच्छ छापून घेतला, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घातला आणि त्यांच्या हिशेबनिसांसमोर ठेवला. त्यांनी तो आदराने वाचला, चहा मागवला, आणि दुसऱ्या दिवसापासून डबे बंद केले.

आता यशाचे खरे गमक सांगतो. घरच्या माणसांचा पगार कधीही खर्चात धरू नये. आमच्या सौ. पहाटे पावणेपाचला उठून भाजी चिरायला बसत, दुपारी काउंटर सांभाळत आणि रात्री पातेली घासून झाल्यावर वही लिहीत. मी चारचौघांत ‘धंदा आता स्वतःच्या पायावर उभा आहे’ असे सांगत असे. कोणाच्या पायावर, हे विचारण्याइतका चौकस मनुष्य मला भेटला नाही. अकराव्या महिन्यात त्यांनी एका रात्री वहीच्या शेवटच्या पानावर स्वतःचे नाव लिहिले, त्यापुढे लाटणाऱ्या मावशींना आपण जेवढे देत होतो तेवढाच आकडा मांडला, आणि बेरीज माझ्याकडे सरकवली. नफ्याच्या जागी उणे चिन्ह आले. अशा प्रसंगी डगमगून न जाता बायकोला व्यवसायातले काही कळत नाही असे जाहीर करावे आणि आणखी सहा महिने केंद्र चालवावे. मी तसेच केले.

गल्ल्याविषयी एवढेच की तो एटीएमसारखा वापरावा. मुलाची फी, भिशीचा हप्ता, पाहुण्यांसाठी आंबे, सगळे त्यातूनच. पीठवाल्याचे पैसेही त्यातच असतात, पण त्यांवर त्याचे नाव लिहिलेले नसते.

केंद्र बंद केल्यावर तवे आणि पोळपाट विकायला काढले, तेव्हा नोकरीला नुकतेच कंटाळलेले एक गृहस्थ पाहायला आले. त्यांनी मोठा तवा वाजवून पाहिला, तो इथे दिवसाला किती पोळ्या काढत होता हे विचारले, आणि मी अडीचशे म्हणताच खिशातून पेन काढून काही तरी शोधू लागले. मी आतून एक लग्नपत्रिका आणून दिली.