चार्जर का बंद केला, त्याबद्दल

नमस्कार साहेब,

तुम्ही एक स्टार देऊन लिहिलंत, की भाड्याने घेतलेली बॅटरीवरची फोर्कलिफ्ट दीड महिन्यातच दोन-दोन तासांत बसायला लागली, चार तास आमचा फोन कोणी उचलला नाही, शेवटी मेकॅनिक आला तो चालू चार्जर बंद करून ‘इथे लावायची नाही’ एवढंच बोलून गेला, आणि रात्रीच्या दोन गाड्या लोड न होता उभ्या राहिल्या.

फोनचं आणि गाड्यांचं तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. सर्व्हिसचा नंबर एकाच मुलाकडे होता, तो दुसऱ्या साइटवर अडकला होता. आता रात्री आठनंतर तो फोन माझ्याकडे असतो. चार्ज केलेली जादा बॅटरी आमच्या गोडाऊनमध्ये तयार होती, ती त्याच रात्री तुमच्याकडे पोचायला हवी होती. दोन दिवसांचं भाडं बिलातून काढलं आहे.

पण चार्जर बंद केला याबद्दल मी माफी मागणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतः येऊन ती खोली पाहिली. दहा बाय बाराची, खिडकी नाही, शटर अर्ध्यावर, छतापर्यंत खोके, बॅटरीच्या कप्प्याचं झाकण लावलेलं. चार्जरपासून हातभर अंतरावर डासांच्या अगरबत्तीची राख पडलेली, कारण ऑपरेटर तिथेच झोपतो. ते बघून माझ्या पोटात गोळा आला.

तुमच्याकडची बॅटरी 48 व्होल्टची लेड-ॲसिड, म्हणजे आत दोन-दोन व्होल्टचे 24 सेल. चार्जिंग संपत आलं की करंटचं काम पाण्यातून हायड्रोजन आणि ऑक्सिजन काढण्याकडे वळतं. त्या टप्प्यात 30 अँपिअर जात असेल तर तासाला साधारण 300 लिटर हायड्रोजन निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. हवेपेक्षा हलका, म्हणून छताखाली साठतो, आणि हवेत 4 टक्के झाला की एक ठिणगी पुरते. अगरबत्ती तर लांबच, चार्जर चालू असताना प्लग ओढला तरी ठिणगी पडते. त्या खोलीत माणूस झोपलेला असतो, साहेब.

बॅटरी लवकर का बसते तेही तिथेच कळलं. ऑपरेटर आधी काठोकाठ पाणी भरतो आणि मग चार्जिंगला लावतो. चार्ज होताना आतलं पाणी फुगतं, बुडबुडे येतात आणि ॲसिड वरून सांडतं. ट्रे ओला होता, टर्मिनलवर पांढरा थर होता. रोज असं होऊन आतलं ॲसिड पातळ होत गेलं. पूर्ण चार्ज झालेल्या सेलला हायड्रोमीटरवर, म्हणजे ॲसिड किती दाट ते मोजणाऱ्या नळीवर, 1.28 च्या आसपास यायला हवं, तिथे 1.20 सुद्धा नव्हतं. सेलमधल्या प्लेट उघड्या पडल्या असतील तर त्या बुडतील एवढंच पाणी आधी घालायचं, बाकीचं चार्ज पूर्ण झाल्यावर, आणि तेही डिस्टिल्डच.

यात ऑपरेटरला कृपया बोलू नका. गाडी उतरवून चावी हातात दिली आणि आमची माणसं परत आली. सूचना होत्या त्या सीटखालच्या इंग्रजी पुस्तकात. दोष माझा आहे, म्हणून बॅटरी दुरुस्तीचा एक रुपयाही तुम्हाला लावणार नाही.

तुमच्या लोडिंगच्या बाजूची पत्र्याची शेड दोन बाजूंनी उघडी आहे, चार्जिंगला तीच जागा योग्य. शनिवारी सकाळी मी इलेक्ट्रिशियन घेऊन येतो, पॉइंट तिकडे काढून देतो. चार्जिंगच्या वेळी कप्प्याचं झाकण उघडं ठेवायचं, आधी चार्जर बंद आणि मगच प्लग काढायचा, हातात कडं-अंगठी नको, हे सगळं ऑपरेटरला समोर उभं राहून करून दाखवतो. रात्रपाळीचा मुलगाही त्या वेळी थांबला तर बरं होईल. तोपर्यंत रोज संध्याकाळी चार्ज केलेली बॅटरी आमची गाडी आणून बदलून देईल. त्या खोलीत तेवढं चार्जिंग लावू नका.