मित्रराष्ट्राकडून घेतलेले लढाऊ विमान नेमके कोणाचे?

लढाऊ विमानांच्या मोठ्या सौद्याची बातमी आली की चर्चा किमतीभोवती फिरू लागते. किती विमाने, किती अब्ज डॉलर, दुसऱ्या देशाचे विमान स्वस्तात मिळाले असते का, असे प्रश्न विचारले जातात. या बातम्या वाचताना मला मात्र राहून राहून वाटते की सौद्याचा खरा भाग या आकड्यांत नसतोच. पैसे मोजले की विमान ताब्यात येते; पण ते उडते ठेवण्यासाठी, त्यावर हवे ते क्षेपणास्त्र बसवण्यासाठी आणि पुढे ते दुसऱ्या देशाला देण्यासाठीही बहुधा विकणाऱ्याचीच संमती लागते, आणि ही गरज विमानाचे आयुष्य संपेपर्यंत, म्हणजे दोन्हीकडची अनेक सरकारे येऊन जाईपर्यंत, कायम राहते.

विमानाची मागणी नोंदवताना जी मैत्री होती ती विमान मिळेपर्यंत टिकेल, याचीही शाश्वती नसते. इस्रायलने फ्रान्सकडे 50 मिराज-5 विमानांची मागणी नोंदवली होती, पण 1967च्या युद्धाच्या वेळी फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांनी शस्त्रबंदी घातली आणि ती विमाने इस्रायलला मिळालीच नाहीत. पाकिस्तानने अमेरिकेकडून घ्यायच्या एफ-16 विमानांपैकी 28 विमाने 1990मध्ये प्रेसलर दुरुस्तीमुळे, म्हणजे पाकिस्तानच्या अणुकार्यक्रमावरून त्याची लष्करी मदत रोखणाऱ्या अमेरिकी कायद्यामुळे, अडकली आणि ॲरिझोनातील तळावर वर्षानुवर्षे उभी राहिली; त्या पैशांचा वाद मिटायला 1998 साल उजाडले.

इराणचे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते, कारण तिथे विमाने हातात आलेली होती. शहांच्या राजवटीने मागवलेल्या 80 एफ-14 विमानांपैकी 79 विमाने 1979च्या क्रांतीपूर्वीच इराणमध्ये पोहोचली होती. त्यानंतर अमेरिकेकडून सुटे भाग येणे बंद झाले आणि एका विमानाचे भाग काढून दुसरे उडवण्याची वेळ इराणी हवाई दलावर आली. 2006मध्ये अमेरिकी नौदलाने स्वतःची एफ-14 विमाने निवृत्त केली, तेव्हा त्यांचे भाग फिरून इराणच्या हाती लागू नयेत म्हणून बरीचशी विमाने तोडून त्यांचे भंगार करण्यात आले. विक्रीला तीन दशके उलटल्यानंतरही सुट्या भागांवरचा ताबा विकणाऱ्याला इतका मोलाचा वाटत होता.

मैत्री तुटली तेव्हाच असे घडते, असे कोणी म्हणेल, तर त्याने तुर्कस्तानकडे पाहावे. तुर्कस्तान नाटोचा सदस्य आहे, एफ-35 या अमेरिकी लढाऊ विमानाच्या निर्मितीत तो भागीदार होता, त्याचे कारखाने या विमानाचे शेकडो भाग बनवत होते आणि त्याचे वैमानिक अमेरिकेत प्रशिक्षण घेत होते. तरीही रशियाची एस-400 ही हवाई संरक्षण यंत्रणा तुर्कस्तानात दाखल होताच, जुलै 2019मध्ये, त्याला या प्रकल्पातून वगळण्यात आले. रशियन रडारमुळे विमानाची गुपिते फुटतील, ही अमेरिकेची भीती मला अनाठायी वाटत नाही. पण एका खरेदीमुळे दुसरी खरेदी रद्द होऊ शकते, हे त्यातून दिसलेच.

एफ-35 दुरून बंद पाडणारी एखादी गुप्त कळ आहे का, यावर 2025मध्ये युरोपात बरीच चर्चा झाली आणि अशी कळ नसल्याचे खुलासेही आले. माझ्या मते तो प्रश्नच चुकीचा होता. सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्त्या, शत्रूची रडारे ओळखण्यासाठी लागणारी माहिती आणि सुटे भाग थांबले, तर कोणतीही कळ न दाबता विमान काही काळाने निरुपयोगी होते.

क्षेपणास्त्रांच्या बाबतीत ही संमती आणखी बारकाईने चालते. युक्रेनला 300 किलोमीटर पल्ल्याची अमेरिकी एटॅकम्स क्षेपणास्त्रे मिळाली होती, पण रशियाच्या भूमीवर ती डागण्याची मुभा नोव्हेंबर 2024मध्ये मिळाली. डेन्मार्क आणि नेदरलँड्सना आपली जुनी एफ-16 युक्रेनला द्यायची होती, तेव्हा त्यांनाही आधी वॉशिंग्टनचा होकार मिळवावा लागला. युरोफायटरचे तर चार निर्माते देश आहेत आणि त्यांतला एकही विक्री अडवू शकतो. सौदी अरेबियाला ही विमाने विकण्याचा ब्रिटनचा प्रयत्न जर्मनीने 2024च्या जानेवारीपर्यंत रोखून धरला होता.

अटी असूच नयेत, असे मी म्हणत नाही. विकलेल्या शस्त्राने निरपराध माणसे मारली जात असतील, तर विकणाऱ्याला हात झटकता येऊ नयेत, असेच मला मनापासून वाटते. गाझातील युद्ध चालू असताना, फेब्रुवारी 2024मध्ये, हेगच्या अपील न्यायालयाने नेदरलँड्समधून इस्रायलला जाणारे एफ-35चे सुटे भाग थांबवण्याचा आदेश दिला, तो मला योग्य वाटला. माझा आक्षेप एवढाच आहे की या अटी खरेदी करणाऱ्या देशाच्या नागरिकांसमोर क्वचितच मांडल्या जातात.

स्वित्झर्लंडने निदान पैशांबाबत लोकांना विचारले. सप्टेंबर 2020मध्ये नव्या लढाऊ विमानांसाठी सहा अब्ज फ्रँकच्या मर्यादेवर सार्वमत झाले आणि ते जेमतेम 50.1 टक्क्यांनी मंजूर झाले. पुढे सरकारने 36 एफ-35 निवडली आणि किंमत पक्की ठरली असल्याचे सांगितले, पण ती पक्की असल्याचे अमेरिकेला मान्य नाही, हे 2025मध्ये उघड झाले. मतपत्रिकेवर रकमेचा प्रश्न होता. सुटे भाग कोणाच्या हाती राहतील, सॉफ्टवेअर कोण बदलेल, विमान पुढे कोणाला देता येईल, हे त्यावर नव्हते, आणि विमान कोणते हेही तेव्हा ठरलेले नव्हते.