टाकी जवळ असली तरी मोटर घ्याच

पात्रांव, गोव्यात फोंड्याच्या बाजूला टेकडीवरची पाण्याची टाकी दिसेल असं घर घेतलंत ना, मग पहिलं काम म्हणजे नळाच्या लाइनीलाच अर्ध्या एचपीची मोटर लावा. नियमात बसत नाही म्हणतात, पण मीटरच्या मागे बरोब्बर बसते.

आता मग टाकी कशाला बांधली असं भोळेपणाने विचारू नका. दहा मीटर उंचीवर पाणी ठेवलं की खाली दर चौरस सेंटीमीटरला किलोभर प्रेशर फुकट मिळतं, रात्री लोक झोपले की पंप टाकी भरून ठेवतो, मग सकाळी अख्खा गाव एकदम अंघोळीला लागला किंवा लाईट गेली (जून लागला की ती जातेच) तरी पाणी आपलं आपण उतरतं. एकमजली घरासाठी लाइनीत ७ मीटर उंच पाण्याइतकं प्रेशर उरावं, दुमजलीसाठी १२, असा हिशोबही ठरलेला. एवढी अक्कल त्या काँक्रीटमध्ये ओतलीय, ती तुमची मोटर दोन मिनिटांत ओढून घेते.

ओढताना लाइनीत व्हॅक्यूम झाला तर पाइपाच्या फटीतून गटारातलंही आत येतं म्हणे. येऊदे की, तुमच्याकडे फिल्टर आहे, आणि नळापर्यंत लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम तरी क्लोरीन उरायला हवा असा नियम आहे, तो बघून घेईल. चढावरच्या शेवटच्या घरात नुसती हवा येते आणि त्या हवेवर मीटर फिरतो, पण ते लोक तसेही कटकटेच.

फोंड्याजवळच्या ओपाला खांडेपार नदीचं पाणी उचलायला सुरुवात झाली ती पोर्तुगीजांच्या वेळेस. १९६१ ला ते गेले, नदी राहिली, पुढे टाक्या आल्या आणि विहिरींवर जाळ्या पडल्या. विहिरीवर कोणी चार कळश्या जास्त नेल्या तर शेजारीण बघायची, मोटर भिंतीआड असते, हा विकासच.

२०२१ साली सरकारने महिन्याला १६,००० लिटर फुकट जाहीर केलं. माणशी रोजचे १३५ लिटर धरले तर चौघांना तीस दिवसांत १६,२०० लागतात, तेव्हा वरच्या दोनशेंपायी बिल आलं की सरकारने लुटलं म्हणायला मोकळे.

चवथीला मुंबईचे पाहुणे आले आणि नळ कोरडा पडला तर मात्र गप्प बसायचं नाही, निवेदनावर पहिली सही तुमची. खात्याचा माणूस तपासायला आलाच तर मोटरीवर गोणपाट टाका आणि त्याला प्यायला पाणी विचारा.