खुलासा: हिरवं दिसतं ते सगळं जंगल नव्हे

"वन सर्वेक्षणाच्या अहवालात सिंधुदुर्गात वनाच्छादन भरपूर आहे, म्हणजे जंगलतोडीची ओरड खोटी," असा मेसेज फिरतोय. हा निष्कर्ष चुकीचा आहे. भारतीय वन सर्वेक्षणाच्या हिशेबात किमान १ हेक्टर जागेवर झाडांच्या फांद्या-पानांचं १० टक्के छत्र असलं की ते वनाच्छादन. झाड कुठलं, जमीन कुणाची, हे बघत नाहीत. त्यामुळे दोडामार्गातला रबरही त्यातच येतो, काजूच्या बागाही. रबराचा भाव ठरतो जगाच्या बाजारात; २०११ साली तो शिगेला पोचला होता. भाव चढला की लागवडीचा मोह वाढतो, आणि ऐन-किंजळीसारख्या रानझाडांचा डोंगर साफ होतो. रबराच्या रांगांत एकदा जाऊन बघा: खोडाखोडाला चिकाची वाटी, खाली करवंदीची जाळी औषधालाही नाही. तोडलेल्या रानाच्या जागी रबर वाढला, तर वनाच्छादनाच्या आकड्यात ती तोड दिसतच नाही.